पत्र वाचणारा हेच तुझं पहिलं गिऱ्हाईक

पोरी,

बी.कॉम. झालीस, पुण्याच्या कंपनीची कस्टमर केअरची जाहिरात पाहिलीस, बायोडाटाही केलास, आणि ‘सोबत कव्हर लेटर जोडा’ या एका ओळीपाशी येऊन अडलीस, असं वहिनी सांगत होत्या. अडायचं काही कारण नाही. माझी उभी नोकरी काउंटरच्या आतल्या बाजूला गेली, आणि आता बोरीतली, लाडखेडची, दारव्ह्याची पोरं आपापले अर्ज घेऊन माझ्या ओट्यावर येऊन बसतात. ते वाचता वाचता एक गोष्ट पक्की झाली. गिऱ्हाइकाशी बोलायच्या नोकरीत पत्र वाचणारा साहेब हेच तुझं पहिलं गिऱ्हाईक. त्याचं ऐकलंस का, विचारलं त्याचंच उत्तर दिलंस का, त्याचा वेळ राखलास का, हे तो तुला फोन करायच्या आधीच पत्रात बघून घेतो. खालचं सगळं त्यातूनच निघालेलं आहे. चहा घे आणि सावकाश वाच.

१. जाहिरात दोनदा वाच, आणि दुसऱ्यांदा वाचताना पेन हातात घेऊन जे जे मागितलंय त्याखाली रेघ मार — पत्राचा निम्मा मजकूर तिथंच तयार होतो.

२. काम कोणतं ते ओळख. ‘व्हॉइस प्रोसेस’ म्हणजे हेडफोन लावून दिवसभर फोन, ‘चॅट सपोर्ट’ म्हणजे दिवसभर टायपिंग, ‘बॅक ऑफिस’ म्हणजे गिऱ्हाइकाशी न बोलता त्याचं काम मार्गी लावणं — चॅटच्या नोकरीला तुझं जीसीसी-टीबीसीचं ४० शब्दांचं सर्टिफिकेट वरच यायला हवं, फोनच्या नोकरीला ते शेवटी आलं तरी चालेल.

३. कंपनीच्या ॲपवर जाऊन तक्रार कुठं नोंदवतात ते स्वतः शोधून बघ — गिऱ्हाईक कुठं अडतं हे कळलं की तुझ्या पत्रात एक वाक्य असं येईल, जे दुसऱ्या कोणाच्या पत्रात नसेल.

४. बँकेची वाट वेगळी आहे. आयबीपीएसनं २०२५ मध्ये क्लार्कच्या पदाला ‘कस्टमर सर्व्हिस असोसिएट’ नाव दिलं, स्टेट बँकेच्या ज्युनिअर असोसिएटपुढंही ‘कस्टमर सपोर्ट अँड सेल्स’ असं असतं, पण तिथं कव्हर लेटर चालत नाही, परीक्षा द्यावी लागते — नाव सारखं दिसलं म्हणून हेच पत्र तिकडं पाठवायच्या खटपटीत पडू नकोस.

५. ग्राहकाच्या हक्कांचं थोडं वाचून ठेव. पुण्यात बिंदुमाधव जोशींनी १९७४ साली ग्राहक पंचायत उभी केली, १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला, आणि आताचा २०१९चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू आहे — ज्या खुर्चीवर बसायला निघालीस ती कोणाकोणाच्या भांडणातून तयार झाली हे माहीत असावं.

६. त्यातली एक गोष्ट तर पाठच कर. ऑनलाइन विक्रीच्या २०२०च्या नियमांप्रमाणे तक्रार आली की ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याच्या आत ती निवारायची — कंपनीला तुझ्यासारखी माणसं का लागतात, याचं एक उत्तर इथं आहे.

आता अनुभवाचं. ‘काका, मला अनुभवच नाही’ असं जो येतो तो म्हणतो. मी त्याला पाणी देतो आणि गेल्या दोन वर्षांत काय काय केलंस ते सांग म्हणतो. थोड्या वेळानं कागद भरलेला असतो.

७. खरिपात मामाच्या कृषी केंद्रात बसलीस तो अनुभवच आहे. पेरणीच्या तोंडावर कपाशीच्या बियाण्याला गर्दी, प्रत्येकाला त्याचंच वाण हवं, आणि त्या गडबडीतही तू लॉट नंबर टाकलेलं पक्कं बिल हातात देत होतीस — बियाणं उगवलं नाही तर शेतकऱ्याची तक्रार त्या बिलावरच उभी राहते.

८. फवारणीचं औषध देताना हातमोजे घाला, तोंडाला मास्क बांधा, वाऱ्याच्या उलट फवारू नका, असं सांगत होतीस तेही लिही. २०१७ साली आपल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी दगावले, घरंच्या घरं उघडी पडली — बाटली विकून मोकळं न होता वापर समजावणाऱ्या माणसाची किंमत आपल्या जिल्ह्याला कोणी शिकवायला नको, आणि ती पुण्याच्या साहेबालाही कळेल.

९. बचत गटाची वही, मोबाइलचं दुकान, सेतू केंद्रातले फॉर्म, काहीही चालतं. समोर माणूस होतं, त्याला काही हवं होतं, आणि तू ते मिळवून दिलंस, एवढं पुरे — पगार मिळत होता का, हा प्रश्न मागाहूनचा.

१०. प्रसंग एकच निवड आणि पाच-सहा ओळींत सांग: गिऱ्हाईक कशावरून चिडलं, तू काय विचारलंस, काय केलंस, पुढं काय झालं — एक खरा प्रसंग लक्षात राहतो, प्रसंगांची यादी वाचता वाचताच विसरली जाते.

११. त्या प्रसंगात गिऱ्हाइकाला वेड्यात काढू नकोस, चूक त्याचीच असली तरी — वाचणारा मनात म्हणतो, उद्या आमच्या गिऱ्हाइकाबद्दलही ही असंच बोलणार. आमच्या काउंटरवर मी नव्या पोरांना सांगायचो, ‘ऐकून घेतलं, निम्मं मिटलं.’

१२. जे तुला सोडवता आलं नाही आणि तू मालकाकडं नेलंस, तेही लिही. कॉल सेंटरात याला एस्कलेशन म्हणतात — आपली हद्द ओळखणारी मुलगी त्यांना हवीच असते, कारण हद्द न ओळखणारा भलतंच आश्वासन देऊन बसतो आणि मग ते कंपनीला निस्तरावं लागतं.

१३. आकडा आठवत असेल तरच टाक. ‘रोज दोनशे गिऱ्हाइकं’ लिहिलंस तर इंटरव्ह्यूत त्यावरच विचारतील — फुगवलेला आकडा पहिल्या प्रश्नाला फुटतो.

१४. मराठी, हिंदी, इंग्रजी सगळेच लिहितात. तुला तांड्यावरच्या मैत्रिणींमुळं बंजाऱ्यांची गोरमाटी बोली येते, ते लिहायला विसरलीस. दारव्हा, दिग्रस, पुसद या पट्ट्यात ती बोलणारे भरपूर, आणि तेलंगण-कर्नाटकातही — फोनवर घाबरलेल्या म्हाताऱ्याला आपल्या बोलीत उत्तर मिळालं की त्याचा जीव भांड्यात पडतो.

१५. पत्र प्रमाण मराठीत लिही, पण ‘मी ग्रामीण भागातील आहे, सांभाळून घ्यावे’ असं लिहू नकोस. महावितरणच्या १९१२ वर फोन करून शेतकरी ‘डीपी जळली’ म्हणाला, तर डीपी म्हणजे काय हे तुला विचारावं लागणार नाही — बोरीत वाढलीस हे कमीपण नाही, ती कामाची माहिती आहे, आणि ती माहिती शहरात वाढलेल्या पोरांना प्रशिक्षणात शिकवावी लागते.

आता प्रत्यक्ष कागद. शाळेत शिकवलेला अर्जाचा साचा सगळा टाकाऊ नाही; त्यातलं काय ठेवायचं आणि काय सोडायचं एवढंच बघायचं.

१६. ‘विषय’ आणि ‘संदर्भ’ या दोन ओळी ठेव. संदर्भात जाहिरातीची तारीख, पदाचं नाव आणि जॉब कोड घाल — एकाच कंपनीत एकाच वेळी पाच पदांचे अर्ज चालू असतात, तुझं पत्र भलत्या गठ्ठ्यात जायला नको.

१७. ‘उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की’ हे मात्र काढ — फोनवर गिऱ्हाइकाशी असं बोलणार नाहीस, मग इथं तरी कशाला?

१८. जुन्या अर्जावरून नवा करताना आधीच्या कंपनीचं नाव तसंच राहतं. पाठवायच्या आधी फक्त नावं तपासायला एकदा वेगळं वाच. ‘नाव चुकलं, गाव हुकलं’ — गिऱ्हाइकाला भलत्याच नावानं हाक मारणारी मुलगी कोण ठेवेल?

१९. साहेबाचं नाव माहीत नसेल तर ‘मा. व्यवस्थापक, मनुष्यबळ विभाग’ लिही. ‘आदरणीय सर’ नको — त्या खुर्चीवर बाई असू शकते, आणि पुष्कळदा असतेच.

२०. पहिल्याच वाक्यात कोणत्या पदासाठी लिहितेस ते सांग, आणि दुसऱ्या वाक्यात त्या पदाजोगं तुझं काय आहे ते — आपला परिचय, गाव, शिक्षण यांचं सगळं बायोडाट्यात आहेच, ते इथं पुन्हा मांडलं की वाचणारा पान उलटतो.

२१. घरच्या अडचणीचं गाऱ्हाणं नको. इथं जरा थांबून सांगतो, कारण दहातल्या निम्म्या अर्जांत हेच असतं: घरची परिस्थिती हलाखीची, वडिलांवर कर्ज, धाकट्याचं शिक्षण, तरी नोकरी देण्याची कृपा करावी. यातलं अक्षर न् अक्षर खरं असतं, हे मला ठाऊक आहे. कापसाचा भाव पडला की आपल्याकडं कोणाच्या घरात काय होतं ते मी रोज बघतो. तरी पत्रात नको — दया वाटली तरी त्यावर कोणी नोकरी देत नाही, आणि कमी पगारावरही ही येईल, एवढं मात्र त्यांना फुकटात कळतं.

२२. ‘मेहनती, प्रामाणिक, होतकरू’ हे तिन्ही शब्द खोड — सगळ्यांच्या अर्जात असतात, म्हणून कोणालाच चिकटत नाहीत. तुझा प्रसंग नीट उतरला तर ते आपोआप दिसेल.

२३. पोलीस भरतीच्या तयारीत गेलेली वर्षं लपवू नकोस. ‘या काळात भरतीची तयारी करत होते, सोबत दुकानात काम केले’ एवढं सरळ लिही — मोकळं सोडलेलं वर्ष वाचणाऱ्याच्या डोक्यात भलतंसलतं भरतं.

२४. जात, उंची, वर्ण, रास, मामाचं गाव हे लग्नाच्या बायोडाट्यात शोभतं — नोकरीच्या पत्रात त्याची गरज नाही, आणि कोणी मागितलं तर त्या कंपनीबद्दलच दोनदा विचार कर.

२५. शिफ्टबद्दल हो किंवा नाही स्पष्ट लिही. राज्याच्या २०१७च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत बाईला तिच्या संमतीशिवाय कामावर ठेवता येत नाही, आणि संमती दिली तर तिच्या सुरक्षिततेची आणि घरी पोचवण्याची जबाबदारी मालकावर आहे — वहिनींशी बोलून घे, मगच ‘रोटेशनल शिफ्टला तयार’ लिही; मागून नाही म्हणणं तुलाच जड जाईल.

२६. पत्ता ‘बोरी अरब, ता. दारव्हा, जि. यवतमाळ’ असाच राहू दे, फक्त खाली पुण्यात कधीपासून रुजू होशील त्याची तारीख टाक — पत्ता वाचून साहेबाला पहिली शंका हीच येते की एवढ्या लांबून ही येणार कधी आणि राहणार कुठं.

२७. पगाराचं विचारलं नसेल तर लिहू नकोस. विचारलं असेल तर आकडा लिही — ‘आपण द्याल तो’ म्हणजे वाटाघाटीच्या आधीच हात वर करणं.

२८. एक पान, त्याच्यावर ओळ नको — ज्याला आपलं म्हणणं पानभरात सांगता येत नाही, तो फोनवर तीन मिनिटांत काय सांगणार?

तुझ्या प्रसंगावरून मी मधला मजकूर असा मांडला असता. शब्द तुझे घाल, क्रम बघ:

‘ग्राहक सेवा प्रतिनिधी, व्हॉइस प्रोसेस, मराठी व हिंदी या पदासाठी मी अर्ज करत आहे. मागील दोन खरीप हंगामांत मी बोरी अरब येथील कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर काम केले. एका शेतकऱ्याचे बियाणे उगवले नव्हते आणि ते रागाने दुकानात आले. मी आधी त्यांचे पूर्ण ऐकून घेतले, बिलावरील लॉट नंबर पाहिला आणि त्याच लॉटचे बियाणे आणखी कोणी नेले होते ते वहीत शोधले. दोन नावे निघाली. ती मालकांना दाखवून त्याच दिवशी बियाणे कंपनीच्या प्रतिनिधीला फोन लावून दिला आणि कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी तक्रार कशी करायची तेही सांगितले. पुढच्या हंगामात ते पुन्हा आमच्याकडेच आले. आपल्या ॲपवर तक्रार नोंदवल्यावर मिळणारा क्रमांक नंतर सहज सापडत नाही, असे मला वापरताना दिसले. फोनवर तो क्रमांक ग्राहकाला सावकाश सांगून, त्यांच्याकडून लिहून घेऊन, पुन्हा वाचून दाखवायला मी सांगू शकेन.’

बघ, यात ‘मेहनती’ कुठंच नाही. लॉट नंबर आहे, वही आहे, फोन आहे. ‘दोन नावे निघाली’ हे सगळ्यांत लहान वाक्य, आणि मला विचारशील तर तेच नोकरी मिळवून देणारं, कारण चिडलेल्या माणसाचं खरं आहे का हे तू शोधायला गेलीस हे त्यात दिसतं.

आता पाठवायचं. इथल्या चुका बारीक असतात, आणि चांगलं पत्र वाया जातं ते यांच्यापायीच.

२९. जाहिरात इंग्रजीत असेल तर पत्रही इंग्रजीत. आधी मराठीत मुद्दे लिही, मग लहान लहान इंग्रजी वाक्यं कर — लांब वाक्यात व्याकरण घसरतं, लहानात सावरतं.

३०. मराठी पत्र दारव्ह्याच्या झेरॉक्सवाल्याकडं टाइप करून घेतलंस तर ते कृतिदेवमध्ये आहे की युनिकोडमध्ये ते विचार. कृतिदेवची फाइल तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडली की नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते — युनिकोडमध्येच करून घे आणि पीडीएफ पाठव.

३१. फाइलला स्वतःचं नाव आणि पदाचं नाव दे. ‘न्यू डॉक्युमेंट फायनल २’ नको — शंभर फाइलींत तुझी शोधायचं काम साहेबावर टाकू नकोस.

३२. ईमेल आयडी नाव-आडनावाचा, साधा काढ, आणि ईमेलच्या मजकुरात दोन ओळी लिही. नुसती फाइल जोडून रिकामं पाठवू नकोस — काही न बोलता काउंटरवर कागद सरकवणारं माणूस तुलाही आवडत नव्हतं.

३३. एआयकडून स्पेलिंग तपासून घे, खुशाल घे. पत्रच त्याच्याकडून लिहून घेऊ नकोस — त्याला तुझ्या वहीतली ती दोन नावं माहीत नाहीत, आणि त्यानं लिहिलेलं गुळगुळीत पत्र त्याच दिवशी आणखी वीस जणांनी पाठवलेलं असतं.

३४. पाठवल्यापासून फोन जवळ ठेव, कॉलर ट्यून काढून टाक, आणि घरात रेंज कुठं येते ती जागा ठरवून ठेव — फोनच्या नोकरीत त्यांचा पहिला फोन हीच अर्धी परीक्षा असते.

३५. ट्रूकॉलरवर तुझ्या नंबरापुढं काय नाव दिसतं ते एकदा बघ — मैत्रिणींनी ‘चिमणी बोरी’ म्हणून सेव्ह केलं असेल तर साहेबालाही तेच दिसणार. दुरुस्त करता येतं.

३६. पहिल्या पत्रासोबत आधार, पॅन, पासबुक पाठवू नकोस — नेमणूक ठरल्यावर मागतील तेव्हा देता येतात, आणि तोवर ती कोणाच्या हाती पडतील सांगता येत नाही.

३७. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट, कोणत्याही नावानं पैसे मागितले की तिथंच थांब आणि मला सांग. ‘देणारा मागू लागला, की आपण उठावं’ — खरी कंपनी पगार देते, मागत नाही. पैसे गेलेच तर रडत बसू नकोस, त्याच घटकेला १९३० वर फोन कर. सायबर फसवणुकीच्या या नंबरावर जितक्या लवकर सांगशील तितके पैसे वाटेत अडवले जाण्याची आशा जास्त.

३८. पाठवायच्या आधी पत्र मोठ्यानं वहिनींना वाचून दाखव. त्या जिथं ‘म्हणजे काय?’ विचारतील ती ओळ बदल — त्या कॉल सेंटरात कधी गेल्या नाहीत, म्हणूनच त्यांचा कान इथं कामाचा.

३९. आठ दिवसांत काही कळलं नाही तर एकच नम्र ईमेल कर, तारीख आणि पद लिहून. रोज फोन नको — पाठपुरावा आणि तगादा यांतला फरक तुला पुढं रोज सांभाळायचाच आहे.

४०. कोणत्या कंपनीला, कोणत्या तारखेला, कोणतं पत्र पाठवलं ते वहीत मांडून ठेव, आणि यवतमाळला रोजगार मेळावा असला की त्या पत्राच्या चार-पाच प्रती सोबत घेऊन जा — तिथं एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जाताना लिहायला वेळ नसतो.

४१. बोलावणं आलं की त्याच पत्राची एक प्रत पिशवीत टाक आणि पुण्याच्या गाडीत एकदा वाचून काढ — प्रश्न त्यातूनच निघतात, आणि आपणच काय लिहिलं ते आठवेना असं होता कामा नये. गाडीचं तिकीट आदल्या दिवशीच पोचणारं काढ, इंटरव्ह्यूच्या दिवशी पहाटे पोचणारं नको. आणि तारीख कळली की पहिल्यांदा मला फोन कर, यवतमाळपर्यंत सोडायला मी येतो.